शाराकूने नटांवर अन्याय केला का?

मानसी_रेघ
काबुकी या जपानी नाट्यप्रकाराची छापचित्रं काढणाऱ्यांत तोशुसाई शाराकू सर्वांत मोठा, असं माझं ठाम मत आहे. १७९४ साली एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, तो अचानक उगवला, जेमतेम दहा महिन्यांत १४० हून जास्त चित्रं काढली आणि नाहीसा झाला. तिसरा ओतानी ओनिजी (त्या नावाचा तिसरा नट) एदोबेईच्या भूमिकेत बघा. पैसे लुटायला टपलेला नोकर: मान पुढे, ओठ आवळलेले, छातीशी फाकलेली बोटं. मागे नुसतं काळपट चमकतं अभ्रक. इतका खरा माणूस एदोच्या लोकांना पचला नाही, त्यांना नट देखणेच हवे होते.

जुनी_पेटी
लोकांना कशाला दोष देता? खेळ आवडला की चाहता चार नाणी मोजून आपल्या नटाचं चित्र घरी न्यायचा, त्यासाठीच ही छापली जात. तिसरा सेगावा किकुनोजो तेव्हा चाळिशी ओलांडलेला, स्त्रीपार्टी नटांत नावाजलेला. तो ओशिझु झाला की प्रेक्षकाला बाई दिसायची, त्यासाठी त्याने जन्म घालवला होता. शाराकूने काय दाखवलं? जड हनुवटी आणि बारीक डोळे. नटाची सगळी साधना एका रेषेत पुसली! त्याच वर्षी तोयोकुनी या दुसऱ्या चित्रकाराने नट उभेच्या उभे, पदन्यासासकट काढले. त्यांत भूमिका शाबूत आहे.

मानसी_रेघ
पुसली कुठे? बाई दिसते आणि बाई होणारा पुरुषही दिसतो. त्या पुरुषाचे कष्ट तोयोकुनीत कुठेच दिसत नाहीत. त्या काळातल्या ओता नाम्पो या लेखकानेही नोंदवलंय की शाराकू फार खरं काढायला गेला, म्हणून टिकला नाही.

ठसेकर
तुम्ही दोघं प्रकाशकाला विसरताय. त्सुताया जुझाबुरोची निम्मी मालमत्ता १७९१ मध्ये सरकारने जप्त केली होती. तरी त्याने एका अनोळखी चित्रकाराची २८ मोठी चित्रं, तीही अभ्रक लावून, एका दमात बाजारात आणली. चेरीच्या फळीवर कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. ओनिजीच्या चेहऱ्याची ती केसासारखी रेघ कोरक्याच्या हातची आहे. पुढे चित्रं अरुंद कागदांवर आली, नट पूर्णाकृती झाले आणि रेघेतला जोर गेला. शेवटची चित्रं मला तरी बघवत नाहीत.

जुनी_पेटी
मानसीताई, ओनिजीचे हात पुन्हा नीट बघा. चेहऱ्याच्या मानाने केवढेसे आहेत, आणि कपड्यातून असे बाहेर येतात की मागे दंड असेल असं वाटतच नाही. याला खरं म्हणायचं?

मानसी_रेघ
आत्ता मोठं करून पाहिलं. हात खोटे आहेत, मान्य. पण ते बेतात असते तर झडप घालायच्या आधीचा तो क्षण हाती लागला नसता. ओनिजीपुरता "खरा" हा शब्द मागे घेते. किकुनोजोच्या हनुवटीबद्दल मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.