आयजीईच्या आकड्यावरून रिअॅक्शन किती तीव्र येईल हे कळते का?

प्रश्न (एक आई, पुणे): संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीचे दोन घास खाल्ल्यावर माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाच्या अंगावर गांधी उठल्या आणि त्याला तीन-चार उलट्या झाल्या. रिअॅक्शन तशी सौम्यच होती, परंतु तपासणीत शेंगदाण्याचे आयजीई (अॅलर्जीशी संबंधित रक्तातील प्रतिपिंडे) ३८ आले. ओळखीतल्या एका मुलीचे आयजीई अवघे ४ असूनही तिला श्वास लागला होता. मग या आकड्याचा अर्थ काय घ्यावा?

उत्तर १ (बालरोगतज्ज्ञ): हा आकडा रिअॅक्शन येण्याची शक्यता सांगतो, तिची तीव्रता नाही. आयजीई १४च्या वर असेल किंवा त्वचाचाचणीत ८ मिलिमीटरची गांध उठली असेल, तर शेंगदाण्याची अॅलर्जी जवळजवळ निश्चित मानतात. मात्र ती गांधींवर थांबेल की घशापर्यंत जाईल, हे किती दाणे पोटात गेले, त्या दिवशी ताप होता का, खाऊन लगेच मूल धावले का, अशा गोष्टींवरही ठरते, आणि म्हणूनच त्याच मुलाची पुढची रिअॅक्शन मागच्यासारखीच येईल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय गांधींबरोबर वारंवार उलट्या झाल्या, तर आम्ही तिला सौम्य म्हणत नाही. ती अॅनाफिलॅक्सिसच, म्हणजे अॅलर्जीची गंभीर, जीवावर बेतू शकणारी रिअॅक्शन असते.

उत्तर २ (एक पालक, ठाणे): आमच्याकडे खरी अडचण कुटाची आहे, कारण ते कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत सर्वत्र असते आणि वाढणाऱ्याला ते सांगण्यासारखे वाटतच नाही. स्वयंचलित इंजेक्शन येथे सहज मिळत नसल्याने आम्ही डॉक्टरांकडून शिकून अॅड्रेनॅलिनची (अशा रिअॅक्शनवरच्या औषधाची) कुपी आणि सिरिंज जवळ ठेवतो.

प्रश्नकर्ती: अॅड्रेनॅलिनची मात्रा वजनावरून कशी ठरवतात? माझ्या मुलाला पावसाळ्यात दमाही होतो. बरे वाटले की आम्ही पंप बंद करतो.

उत्तर १: मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम असते. म्हणजे १६ किलोच्या मुलाला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या कुपीतून ०.१६ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. तरीही आपल्या डॉक्टरांकडून ती लिहून घ्यावी. सेटिरिझिन या अॅलर्जीच्या औषधाने खाज कमी होते, अॅनाफिलॅक्सिस थांबत नाही, त्यामुळे त्याची वाट पाहण्यात वेळ घालवू नये आणि इंजेक्शननंतर लगेच रुग्णालय गाठावे. दमा असलेल्या बहुतेक मुलांना जीवघेणी रिअॅक्शन येत नाही, हे खरे. परंतु अन्नाच्या अॅलर्जीने दगावलेल्यांत दम्याचे रुग्ण बहुसंख्य आढळतात. तेव्हा ३८ या आकड्यापेक्षा मला तुमच्या बंद केलेल्या पंपाची काळजी अधिक वाटते. तो पुन्हा सुरू करण्याबद्दल याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.