केबल-स्टेड पूल पायी बघायचा आहे, नेमकं काय बघावं?

पदपथी: शहरातल्या महामार्गावरचा केबल-स्टेड पूल, म्हणजे उंच मनोऱ्यांपासून तिरप्या केबल्सनी धरलेला पूल, बघायला जायचंय. एका बाजूला पदपथ आहे, दोन तास हाताशी आहेत. सुरुवात वरून करू की खालून? केबल्स नीट ताणलेल्या आहेत की नाही, हे नुसतं बघून कळतं का?

मुख्य गाळा: आधी काठावरून, पूल पूर्ण आडवा दिसेल इतक्या लांबून बघा. केबल्स मनोऱ्याच्या माथ्याशी एकवटल्या असतील तर तो फॅन, समांतर असतील तर हार्प. बहुतेक नवे पूल सेमी-फॅन, म्हणजे या दोन्हींच्या मधले असतात, कारण सगळ्या केबल्स एकाच जागी अँकर करायला, म्हणजे घट्ट बसवायला, माथ्यावर जागा पुरत नाही.

मग वर जाऊन अंतर काढा. मनोऱ्यापासून मध्यापर्यंत एका रांगेत 20 केबल्स आणि दोन अँकरमध्ये 10 मीटर, म्हणजे अर्धा गाळा (दोन आधारांमधला पुलाचा भाग) 200 मीटर. दोन मनोरे असतील तर मुख्य गाळा 400 मीटरच्या आसपास.

ताणकाटा: त्यात एक भर. मनोऱ्याजवळ थोडा भाग केबलविना असतो, तोही धरा.

ताण डोळ्यांना कळत नाही. तपासणीत केबलला कंपनमापक बांधून कंपनं मोजतात. 100 मीटर लांबीची, मीटरला 60 किलो वजनाची केबल सेकंदाला 1.2 वेळा कंप पावत असेल, तर ताण सुमारे 350 टन.

जवळून बघण्यासारखी गोष्ट म्हणजे बाहेरची प्लॅस्टिकची नळी. ती भार घेत नाही. भार आतल्या पोलादी स्ट्रँडवर, म्हणजे पिळलेल्या तारांच्या दोरांवर, प्रत्येक स्ट्रँड सात तारांचा, साधारण 15.7 मिमी जाडीचा. नळीवर स्क्रूसारखी बारीक उंच रेघ गुंडाळलेली दिसेल, तिच्यावरून बोट फिरवून बघाच. पावसाचं पाणी तिरप्या नळीवरून एका धारेत ओघळलं की नळीचा गोल आकार वाऱ्याच्या दृष्टीने बदलतो आणि केबल हेलकावायला लागते. ती रेघ धार मोडते. रॉटरडॅमचा इरास्मस पूल 1996मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षी पाऊस-वाऱ्यात त्याच्या केबल्स इतक्या हलल्या की डँपर, म्हणजे कंपनं शोषणारी उपकरणं, बसवावे लागले. डँपर केबलच्या खालच्या टोकाशी असतो. त्याखाली तेलाचा ओघळ दिसला तर त्याचं सील गेलंय.

सांधेजोड: पुलाचं टोक चुकवू नका. 400 मीटर पोलादी डेक (रस्ता पेलणारा पुलाचा भाग) तापमानातल्या 40 अंशांच्या फरकाने सुमारे 19 सेंटीमीटर लांब-आखूड होतो, ते सगळं टोकाचा प्रसरण-सांधा झेलतो. खालून बघा: सांध्यातून पाणी झिरपत असेल तर खालच्या बेअरिंगवर, म्हणजे डेक ज्यावर टेकतो त्या आधारावर, गंजाचे डाग पडतात. नळीच्या तळातून तांबूस ओघळ आला असेल तर जास्त गंभीर, पाणी केबलमध्ये शिरलेलं असू शकतं. फोटो काढून पुलाची देखभाल करणाऱ्यांना कळवा, केबलचा क्रमांक आणि बाजू लिहून.

ट्रक गेल्यावर पायाखाली हलेल, ते ठीक आहे. फोटोसाठी पुलावर गाडी थांबवू नका. मोबाइलच्या वाइड लेन्सने मनोरा मागे कलल्यासारखा येतो, म्हणून लांब जाऊन दुप्पट झूमवर काढा.