सीव्ही ३ वाढवून इंजिन ‘स्मूथ’ होत नाही!

घाटमाथा (धागाकर्ता)

मॉडेल रेल्वेतल्या डीसीसीवाल्या (प्रत्येक इंजिनातल्या डिकोडर नावाच्या चिपला रुळांतूनच डिजिटल हुकूम देणाऱ्या) मंडळींत हल्ली एकच सवय दिसते. इंजिन निघताना अडखळलं की सीव्ही (डिकोडरातले सेटिंगचे आकडे) ३ आणि ४, म्हणजे वेग वाढण्याचा आणि घटण्याचा, हे वाढवायचे. मग ते डौलात वेग घेतं आणि सगळे म्हणतात, झालं स्मूथ. माझ्या मते ही ओल आलेल्या भिंतीवर मारलेली रंगसफेदी आहे. सीव्ही ३ ठरवतो ते फक्त वेग किती सावकाश वाढायचा एवढंच. वेगाच्या पहिल्या स्टेपवर इंजिन सरकतं की थरथरतं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. उलट थरथर जास्त वेळ बघावी लागते.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझा घाट. कर्जतहून लोणावळ्याकडे १:३७ चा चढ, म्हणून गाडीला मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लागतात. तेच मी एचओमध्ये (१:८७ मापाच्या मॉडेलवर) करतोय: पुढे एक इंजिन, मागे एक, मध्ये हलके डबे. मागचं इंजिन जरासं जरी जोरात निघालं तरी वळणावरचे मधले डबे दाबले जातात, एकाचं चाक रुळावर चढतं आणि गाडी आडवी. इथे सीव्ही ३ ची मखलाशी चालत नाही. आधी चाकं-रूळ, मग मोटर कंट्रोल, मग सीव्ही २ (निघतानाचा वेग), मग ६ (मधला) आणि ५ (कमाल). तीन आणि चार सगळ्यात शेवटी, तेही हौस म्हणून.

अप_लाईन

साफ असहमत. हौस कसली? खऱ्या गाडीला वजन असतं, मॉडेलला नसतं. ते वजन तुम्ही फक्त सीव्ही ३-४ मधूनच देऊ शकता. एनएमआरएच्या (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या) हिशेबाने सीव्हीचा आकडा गुणिले ०.८९६ म्हणजे शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचे सेकंद. ३० टाकले तर साधारण २७ सेकंद. मालगाडी त्याहून लवकर पळताना बघवत नाही. आणि वेगाच्या १२८ स्टेप्स असल्या तरी थ्रॉटलची कळ एकदम फिरवणारे पाहुणे घरी येतातच ना!

घाटमाथा

@अप_लाईन, तुमचं ०.८९६ सगळे पाळतात कुठे? काही डिकोडरांत तोच आकडा ०.२५ ने गुणतात. म्हणजे दोन्ही इंजिनांत ३० टाकले की एकाला २७ सेकंद, दुसऱ्याला साडेसात. साडेसातवालं मागे असलं की डब्यांचा चिवडा. दोन कंपन्यांचे डिकोडर जोडताना आधी तीन-चार शून्य करा, वेग जुळवा, मग काय वजन चढवायचं ते चढवा.

तेलपाणी

भांडा लेको. कोकणातल्या पावसाळ्यात एक महिना रूळ न पुसता ठेवा आणि मग सांगा कुठला सीव्ही कामाला येतो ते. पांढऱ्या फडक्यावर चाकं फिरवून बघा, काळ्या रेघा उमटल्या की समजायचं. मी आयसोप्रोपिल सोडून कॉन्टॅक्ट क्लीनरवर आलोय, काजळी कमी धरते असा अनुभव. कीप-अलाइव्हचा (वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) कपॅसिटर लावलात तर घाणीवरूनही इंजिन निघून जातं, पण त्यामुळे कधीकधी प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सीव्ही वाचायच्या-लिहायच्या वेगळ्या रुळावर) डिकोडर सीव्ही वाचू देत नाही. मग लोक डिकोडर जळाला म्हणून बोंबलतात.

पीआय_कंट्रोल

रूळ स्वच्छ आहेत असं धरू. अडखळण्याचं मूळ बरेचदा बॅक-ईएमएफच्या सेटिंगमध्ये असतं आणि त्यावर इथे कोणी बोललंच नाही. डिकोडर सेकंदातून कित्येकदा क्षणभर मोटरचा करंट तोडतो. तेवढ्यात फिरती मोटर जनित्रासारखी व्होल्टेज देते, तेच बॅक-ईएमएफ. ते मोजून वेग कळतो, कमी पडला की डिकोडर जोर वाढवतो. हा जोर फार तडकाफडकी वाढला की इंजिन हिसके देतं, फार सुस्तपणे वाढला की चढावर दमतं. ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड ४ आणि ५ डिकोडरांत सीव्ही ५४ ला ० लिहून एफ१ दाबा, डिकोडर स्वतः मोटर मोजून आकडे बसवतो. इंजिन जागेवरून सुसाट सुटतं हं, पुढे मोकळा सपाट रूळ ठेवा. टेबलाच्या कडेला तोंड करून हे करू नका.

आणि बँकरचा बॅक-ईएमएफ सौम्य करा. दोन डिकोडर आपापला वेग हट्टाने धरून बसले की एकमेकांशीच झुंजतात.

नवखा_गँगमन

तीन आकड्यांत (२, ६, ५) वेग जुळत नाहीये. मधेच एक इंजिन पळतं. काय करू?

पीआय_कंट्रोल

@नवखा_गँगमन, स्पीड टेबल (टप्प्याटप्प्याचा वेग ठरवणारा तक्ता) वापरा, सीव्ही ६७ ते ९४. सीव्ही २९ मध्ये १६ मिळवले की ते चालू होतं, म्हणजे ६ असेल तर २२. मग बरेच डिकोडर २, ५, ६ कडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यामुळे नंतर ‘सीव्ही ५ बदलला तरी फरक पडत नाही’ म्हणून रडू नका. अठ्ठावीस आकडे हाताने भरत बसू नका, जेएमआरआयचं डीकोडरप्रो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात रेघ ओढून वक्र बसवता येतो. दोन्ही इंजिनं न जोडता एकाच वर्तुळावर अंतर ठेवून सोडा. जे जवळ येतंय त्याला खाली आणा, मागे पडणाऱ्याला वर ढकलू नका. फारच गोंधळ झाला तर सीव्ही ८ ला ८ लिहा, बहुतेक डिकोडर कारखान्यातल्या सेटिंगवर परत येतात. इंजिनाचा पत्ताही (हुकूम ज्या नंबरावर जातो तो) ३ होतो, तो बदलायला विसरू नका.

घाटमाथा

बॅक-ईएमएफ सौम्य करण्याचं पटलं. त्यावर माझी एक भर: बँकर पुढच्या इंजिनापेक्षा किंचित मंद ठेवायचा. डबे दाबले जाण्यापेक्षा ताणलेले बरे.

अप_लाईन

म्हणजे बँकर ढकलत नाही, गाडीच त्याला ओढत वर नेतेय! असा बँकर कर्जतला दिला असता तर गार्डाने पळसदरीलाच खाली उतरवला असता. उतारावर मंद ठेवा, मान्य. चढावर बरोबरीचाच हवा. त्यासाठीच मी सीव्ही ३ म्हणत होतो.

घाटमाथा

सीव्ही ३ आणि बरोबरीचा वेग यांचा संबंध काय ते तरी सांगा राव!