मदत हवी आहे: पावसानंतर सकाळी सोलर चालू होत नाही, युनिटही घटलेत. काय तपासावं आणि कोणाकडून?

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, कारण यातलं नेमकं काय महत्त्वाचं आहे ते मला कळत नाहीये.

तासगावजवळच्या आमच्या गावी, आई-अण्णांच्या घरावर ऑक्टोबर २०२४ मध्ये सोलर बसवलं. ५४० वॅटची ६ पॅनेल एकाच रांगेत जोडलेली, जिन्यापाशी ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर, महावितरणचं नेट मीटर. पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांचं अनुदानही मिळालं. पहिलं वर्ष फार छान गेलं. स्वच्छ ऊन असलं की दिवसाला १३-१४ युनिट व्हायचे. यंदा मार्चपासून ते १०-११ वर आलेत. ऊन तर गेल्या मार्चएवढंच होतं.

दुसरा त्रास जूनमध्ये सुरू झाला. पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टरवर लाल दिवा आणि ॲपवर 'पीव्ही आयसोलेशन लो' असा संदेश. साडेदहा-अकराला आपोआप चालू झाला. तेव्हापासून रात्री पाऊस पडला की सकाळी हेच. कोरड्या दिवशी काही नाही. बसवणाऱ्यांना तीनदा फोन केला. "पावसाळ्यात होतं असं, बंद करून चालू करा" एवढंच उत्तर मिळतं.

माझी खरी काळजी अण्णांची आहे. ते ७१ वर्षांचे आहेत. युनिट कमी दिसले की त्यांना चैन पडत नाही. बोअरचा पाइप वर नेतात आणि एका हाताने पॅनेलखालचा लोखंडी अँगल धरून, ओल्या स्लॅबवर अनवाणी उभे राहून पॅनेल धुतात. मी पुण्यात. फोनवर ओरडले तर म्हणतात, "अगं, धुतलं की बरं चालतं."

हा फॉल्ट धोक्याचा आहे का? युनिट कमी येण्याशी त्याचा संबंध आहे का? गावातल्या वायरमनला दाखवलं तर चालेल, की यासाठी वेगळा माणूस लागतो? कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, बाकी सगळं नंतर. आज संध्याकाळी अण्णांना फोन करा आणि वर जाणं थांबवा. मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे, २२ वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा ठासून सांगतो.

त्या संदेशाचा साधा अर्थ असा की डीसीची (पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची) वायर, जोड किंवा पॅनेल कुठेतरी ओलाव्यातून जमिनीशी किंवा लोखंडाशी जोडलं जातंय. इन्व्हर्टर सकाळी सुरू होण्याआधी हे स्वतः तपासतो आणि पटलं नाही तर चालू होत नाही. तो त्याचं काम चोख करतोय. अकरा वाजता वाळलं की चालू होतो, म्हणजे दोष गेला असं नाही.

घरातला मेन स्विच पाडला की सगळं बंद, ही सवय सोलरला लागू नाही. उजेड आहे तोवर पॅनेल व्होल्टेज देत राहणार. ६ पॅनेल रांगेत म्हणजे जवळपास ३०० व्होल्ट डीसी. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी तुटायला वाव मिळतो. डीसीला तसं नसतं, ठिणगी पेटली की पेटतीच राहते. म्हणून चालू सिस्टीमचा जोड कोणीही ओढून काढायचा नाही. बंद करायचंच तर आधी एसीचा स्विच, मग डीसीचा. धूर दिसला तर पाणी मारायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: स्ट्रक्चरचं, म्हणजे पॅनेलखालच्या लोखंडी सांगाड्याचं, अर्थिंग शाबूत आहे का? ते चांगलं असेल तर हा दोष बहुतेक वेळा इन्व्हर्टरच्या लाल दिव्यापुरता राहतो. अर्थिंग तुटलेलं असेल तर अण्णा जो अँगल धरतात, त्याच्यावरच व्होल्टेज येऊ शकतं. गच्चीवर गेल्या वर्षभरात काही काम झालंय का? टाकी, शेड, डिश, काहीही?

प्रतिसाद २ (नागपूरहून)

युनिटबद्दल थोडं. आपल्याकडे १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, म्हणजे तुमचे १३ अगदी रास्त होते. भर उन्हाळ्यात पॅनेलची काच ६५ अंशांपर्यंत तापते आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के क्षमता घटते. आमच्या घरी मेपेक्षा फेब्रुवारी-मार्च सरस असतो. पण तुम्ही मार्चची तुलना मार्चशीच करताय, म्हणजे उष्णतेचं कारण इथे पुरत नाही. स्वच्छ दिवशी दुपारी साडेबाराला ॲपमध्ये डीसी व्होल्टेज आणि करंट किती दिसतो ते बघा, आणि गेल्या वर्षीच्या तशाच दिवसाशी ताडून पाहा. युनिटच्या आकड्यात ढग मिसळलेले असतात, या दोन आकड्यांवरून बरंच कळतं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. अण्णांशी बोलले. जिन्याच्या दाराची किल्ली आता आईकडे आहे.

गच्चीवर काम झालंय! मे महिन्यात वॉटरप्रूफिंग केलं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई म्हणाली, त्या माणसांनी सगळ्या वायरी बाजूला सरकवल्या होत्या.

ॲपमधले आकडे: गेल्या मार्चमध्ये दुपारी २१५ व्होल्ट, साडेअकरा अँपिअर. या मार्चमध्ये २१५ व्होल्ट, साडेनऊ अँपिअर.

प्रतिसाद ३

मी सोलर बसवण्याचं आणि दुरुस्तीचंच काम करतो, सोलापूर भागात. आकडे दिलेत ते फार उपयोगी आहेत. व्होल्टेज तेवढंच आणि करंट कमी, म्हणजे सहाही पॅनेलवर सारखाच उजेड कमी पोचतोय. एखाद्या पॅनेलचा डायोड गेला असता किंवा झाडाची सावली एकाच कोपऱ्यावर येत असती तर व्होल्टेज १२-१३ ने पडलं असतं. तुमच्याकडे मला बोअरच्या पाण्याचा संशय आहे. तापलेल्या काचेवर पाणी वाळतं आणि क्षार तिथेच बसतात. खालच्या कडेला पांढरी पट्टी दिसतेय का पाहा. अण्णा मनापासून धुतात, पण प्रत्येक धुण्याने थर चढतोय.

म्हणजे ही दोन वेगळी दुखणी आहेत. युनिटचं मार्चपासूनचं, फॉल्टचं वॉटरप्रूफिंगनंतरचं.

फॉल्ट शोधायला मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असलेला आणि डीसीची माहिती असलेला माणूस हवा. घरगुती वायरमनचा नेहमीचा क्लॅम्प मीटर बहुधा डीसी करंट दाखवत नाही, तिथूनच गडबड सुरू होते. तो माणूस दोन्ही स्विच बंद करून, रबरी हातमोजे घालून, पॉझिटिव्ह ते अर्थ आणि निगेटिव्ह ते अर्थ असं व्होल्टेज मोजेल. ते ओलं असतानाच मोजायला हवं, सकाळीच. सगळं ठीक असेल तर दोन्ही आकडे शून्याकडे जातात. दोष असेल तर आकडे स्थिर राहतात, आणि एका पॅनेलच्या व्होल्टेजने भागलं की दोष कितव्या पॅनेलनंतर आहे तेच कळतं. सहा पॅनेल उचकटायची गरज नाही.

आणि बसवणाऱ्यांना फोन नको, लेखी कळवा. या योजनेत ५ वर्षं देखभाल त्यांच्याकडेच असते. ॲपवरच्या संदेशाचे स्क्रीनशॉट तारखेसह जोडा.

धागाकर्ती (१२ दिवसांनी)

उशिरा लिहितेय, पण सगळं लिहिते, कोणाच्या तरी कामी येईल.

लेखी तक्रार केल्यावर चौथ्या दिवशी माणूस आला. मी मुद्दाम गावी गेले होते. रात्री पाऊस झाला होता, सकाळी लाल दिवा होताच. त्याने मोजलं: पॉझिटिव्ह ते अर्थ ९७ व्होल्ट, निगेटिव्ह ते अर्थ १९४. एका पॅनेलचे साडेअठ्ठेचाळीस धरले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनेलच्या मध्ये. वाकून बघितलं तर तिथली केबल टाय तुटून खाली आलेली, अँगलच्या कापलेल्या धारेवर घासून वरचं आवरण फाटलेलं, आणि जोड थेट स्लॅबवर, साचलेल्या पाण्यात. मला ते बघून काही सुचेना. त्याच्यापासून हातभर अंतरावर अण्णा उभे राहायचे.

अर्थिंगची पट्टी वॉटरप्रूफिंगवाल्यांनी बोल्ट काढून बाजूला ठेवली होती. परत जोडलीच नव्हती. दोन महिने. पट्टी जोडून मोजल्यावर अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स साडेतीन ओहम आला, ५ च्या आत हवा असं तो म्हणाला. खराब केबल आणि दोन्ही बाजूंचे जोड त्याने बदलले, दोन्ही एकाच कंपनीचे. वेगवेगळ्या कंपन्यांचे जोड एकमेकांत बसतात पण आतून नीट पकडत नाहीत, मग तापतात, हे त्याने स्वतःहून सांगितलं. शेवटी मेगर लावून खात्री केली. त्यानंतर तीन रात्री पाऊस झाला, सकाळी सव्वासहाला इन्व्हर्टर चालू.

पांढरी पट्टीही निघाली, चांगली दोन बोटं रुंद. पॅनेलच्या कागदपत्रांत ॲसिड वापरू नका असं स्पष्ट आहे, त्यामुळे त्या वाटेला गेलो नाही. पागोळ्यांचं पाणी पिंपात धरलं होतं, ते आणि मऊ स्पंज, सूर्य वर यायच्या आधी. दोन वेळा केल्यावर बरीच गेली. काल अर्धा तास उघडीप होती तेव्हा ११ अँपिअर दिसले.

एकच राहिलं. डीसी बॉक्समधल्या एसपीडीची (विजेची अचानक आलेली लाट अडवणाऱ्या उपकरणाची) खिडकी हिरवीऐवजी लाल आहे. तो म्हणाला, पुढच्या फेरीला बदलतो. तोवर चालू ठेवावं का?

प्रतिसाद १

ताई, फार बरं वाटलं वाचून.

लाल म्हणजे तो एसपीडी कधीतरी लाट अंगावर घेऊन संपला, बहुतेक मेच्या वळवात. वीज तयार व्हायला त्याची अडचण नाही, पण पुढची लाट थेट इन्व्हर्टरवर जाईल. बऱ्याच बॉक्समध्ये तेवढीच काडतुसासारखी वडी ओढून नवी बसवता येते. त्यावरचं डीसी व्होल्टेज फोटोत टिपून त्यांना पाठवा, म्हणजे चुकीची घेऊन येणार नाहीत. 'पुढची फेरी' असं न ठेवता तारीख मागा. तोवर ढग गडगडायला लागायच्या आधीच आईंना खालचे दोन्ही स्विच बंद करायला सांगा. आधी एसी, मग डीसी. बॉक्सवर खडूने १ आणि २ लिहून ठेवा.