लोगोला बोधचिन्ह म्हणावं का?

सातपूरकर
द्राक्षबागेतल्या फवारणीची नोंद ठेवणारं एक मुक्तस्त्रोत (ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर आम्ही काही जण मिळून चालवतो. त्याचा लोगो बदलायचाय. जुन्यात द्राक्षाचा घड आहे, आणि नाशकात घड कुणाच्या पाटीवर नाही ते सांगा! शिवाय मोबाइलवर बारीक झाला की घड न दिसता जांभळा डाग दिसतो. म्हणून "नवे बोधचिन्ह पाठवा" अशी सूचना काढली. काहींनी सुबक अक्षरं पाठवली, काहींनी पान आणि थेंब. पण बऱ्याच जणांनी प्राणी पाठवलेत. हसरा मोर, टोपीवाला ससा, पाठीवर पंप घेतलेलं माकड. माकडवाल्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "बोधचिन्ह म्हणजे प्राणीच ना? खेळांच्या स्पर्धेत असतो तो." वर आमच्यातलाच एक जण म्हणतो, लोगोला बोधचिन्ह म्हणणंच चूक, 'मुद्रा' म्हणा. मला बोधचिन्हच बरोबर वाटतं. सूचना पुन्हा काढायची आहे. जाणकारांनी सांगावं: लोगोला काय म्हणायचं, आणि त्या प्राण्याला काय?

अनुस्वार
प्राण्याला शुभंकर. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतला शेरा वाघ हा शुभंकर, १९८२ च्या आशियाई स्पर्धेतला अप्पू हत्तीही शुभंकर. लोगो तो बोधचिन्ह. वर्तमानपत्रं दोन्हींना एकच शब्द लावतात, तिथून हा घोळ.

पेठरोड
शुभंकर हिंदीतून उचललेला शब्द. शेतकऱ्याला म्हणा 'शुभंकर पाठवा', तो नातवाचा फोटो पाठवेल.

अनुस्वार
संध्याकाळी दिव्यासमोर 'शुभं करोति' म्हणता, ते कुठल्या हिंदीतून आलं?

गोदाकाठ
सातपूरकर, हा फरक तुमच्याच क्षेत्रात आधी होऊन गेलाय, म्हणून सांगतो. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचा पेंग्विन टक्स लॅरी इविंगनं १९९६ मध्ये काढला, तोही गिम्प हे चित्रांचं मुक्त सॉफ्टवेअर वापरून. तो लोगोच्या स्पर्धेत उतरला होता आणि जिंकला नाही. लोकांनी मात्र त्यालाच उचलून धरलं. आजही तो लिनक्सचा लोगो म्हणून नव्हे, तर तुमच्या भाषेत 'प्राणी' म्हणूनच ओळखला जातो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीचं उलट. त्यांच्याकडे शिंगं आणि त्रिशूळ असलेला लाल पोरगा, बीस्टी, आधीपासून होता. २००५ मध्ये त्यांनी लोगोसाठी वेगळी स्पर्धा घेतली आणि दोन शिंगांचा लाल गोळा निवडला. बीस्टीला कुणी हाकललं नाही, तो प्राणी म्हणून राहिला. म्हणजे दोन वस्तू, दोन कामं. एक शब्द दोन्हींना वापरलात की माकड येणारच.

तांबट_गल्ली
लोगो हा लोगोटाइपचा तुकडा. ग्रीकमध्ये लोगोस म्हणजे शब्द. छापखान्यात खिळे जुळवायचे तेव्हा एकेका अक्षराचा खिळा असे. अख्खा शब्द एकाच खिळ्यावर ओतला की तो लोगोटाइप. त्यात बोध नाही, चिन्हही नाही, निव्वळ नाव आहे. आमच्या भांडीबाजारात अजून चालतं ते बघा: कळशी घेतली की दुकानदार विचारतो, "नाव घालायचं का?" मग छिन्नीनं टिंब टिंब ठोकून आडनाव घालतात. लोगोचं मूळ काम तेवढंच. कळशी कुणाची ते कळावं. बोध द्यायला कीर्तनकार आहेत.

पेठरोड
+१. कळशीचा बोध आवडला.

अनुस्वार
'बोध' म्हणजे उपदेश एवढंच नव्हे. बोध होणे म्हणजे कळणे. ज्या खुणेवरून ओळख कळते ते बोधचिन्ह. शब्द चांगला घडलेला आहे, उगाच मोडू नका. बोधवाक्य चालतं, मग बोधचिन्हाला काय झालं? २०२१ ला नाशकात साहित्य संमेलन झालं तेव्हा बोधचिन्हावर कुणाचं अडलं नव्हतं.

भद्राय_राजते
सातपूरकरांच्या त्या मित्राशी मी सहमत. 'मुद्रा' हाच आपला शब्द. शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी, संस्कृतात, आणि तीत एकही चित्र नाही, फक्त अक्षरं. तांबट_गल्ली म्हणतात तो लोगोटाइप आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीच होता. पत्राच्या सुरुवातीला मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तब. ज्या राजानं फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याच्या मुलखात आपण लोगो लोगो करतोय.

तांबट_गल्ली
'मोर्तब' शब्द अरबी मुरत्तबवरून आला हो. शिक्का शब्दही अरबी, नाण्याचा ठसा. शिक्कामोर्तब म्हणताना तुमची शुद्धी कुठे जाते? आणि मुद्रा म्हटलं की मला नर्तकीची बोटं दिसतात, नाहीतर कुणाची तरी चिंताक्रांत मुद्रा.

भद्राय_राजते
संदर्भानं अर्थ कळतो. भगूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे जन्मलेल्या सावरकरांनी महापौर, दिनांक, दिग्दर्शक दिले तेव्हाही लोक हसले होते. आज मेयर कोण म्हणतं?

पेठरोड
आणि तारीख कोण म्हणत नाही? दिनांक फॉर्मवर, तारीख तोंडात. नाशिकरोडला उतरून रिक्षावाल्याला सांगून बघा, "चलार्थ पत्र मुद्रणालयात सोडा." तो तुम्हाला आधी दवाखान्यात नेईल. आमच्या घरातले निम्मे लोक तिथे नोकरीला होते, सगळे 'प्रेसमध्ये' होते. नोटा छापून आयुष्य गेलं, पण मुद्रणालय हा शब्द घरात कुणी काढला नाही.

सातपूरकर
मंडळी, सूचना या आठवड्यात जायची आहे. आत्तापर्यंत बोधचिन्ह, मुद्रा, नाव. प्राण्याला शुभंकर हे बहुतेकांना चालेल असं धरू का?

बागायतदार_दिंडोरी
शेतकरी इथे मीच दिसतोय, म्हणून बोलतो. सॉफ्टवेअर आमच्यासाठी आहे ना? आम्ही मार्का म्हणतो. पेटीवर कुठला मार्का आहे, अमक्या मार्क्याचा माल हलका निघाला, असंच बोलतात. बोधचिन्ह फक्त सत्काराच्या पत्रिकेवर असतं. "नवा मार्का सुचवा" म्हणा, बरोबर चित्रं येतील. कुणी मोर पाठवणार नाही. पाठवलाच तर तो पेटीवर उठून दिसेल असा पाठवेल.

गोदाकाठ
दिंडोरीकर, 'मार्का'त मला आणखी एक सोय दिसते. त्यात मालकी आहे. मुक्तस्रोताचा परवाना कोडला असतो, नाव आणि लोगो त्यात आपोआप येत नाहीत. डेबियन या लिनक्सवरच्या प्रणालीनं फायरफॉक्स ब्राउझरचा कोड घेतला, पण लोगो मुक्त परवान्यात नव्हता म्हणून तो लावला नाही. फायरफॉक्सवाल्या मोझिलानं सांगितलं, लोगो नाही तर नावही नाही. मग २००६ पासून डेबियनमध्ये तोच ब्राउझर आइसवीझल नावानं फिरत होता, तो २०१६ मध्ये पुन्हा फायरफॉक्स झाला. तेव्हा सातपूरकर, सूचनेत शब्द कुठलाही घाला, पण निवडलेल्या चित्राचे हक्क कुणाकडे राहतील आणि दुसऱ्यानं तुमचा कोड घेऊन वेगळं सॉफ्टवेअर केलं तर त्याला ते चित्र लावता येईल का, हे आधी लिहा. मला तर शब्दापेक्षा तेच महत्त्वाचं वाटतं.

अनुस्वार
मार्का इंग्रजी 'मार्क'वरून आलाय. मग लोगोनं काय घोडं मारलं होतं?

तांबट_गल्ली
मार्कवरून आला असता तर 'मार्क' राहिला असता, परीक्षेतल्या मार्कांसारखा. शेवटचा 'आ' बघा. पोर्तुगीजमध्ये 'मार्का' असाच शब्द आहे, आणि बटाटा, पगार, चावी ज्या बोटीतून आले तिच्यातूनच हा आला असावा, असं माझं मत.

अनुस्वार
मत ठीक, पुरावा? मराठी 'आ' कशालाही लावते.

तांबट_गल्ली
बरोबर, म्हणूनच मत म्हटलं. तुमच्या इंग्रजीवाल्या दाव्याचा पुरावा तरी कुठे दिलात?

भद्राय_राजते
एकूण पोर्तुगीज चालेल, इंग्रजी चालेल, अरबी चालेल, फक्त संस्कृत चालणार नाही. छान.

पेठरोड
अवांतर: धागाकर्त्यानं 'मुक्तस्त्रोत' लिहिलंय आणि गोदाकाठांनी 'मुक्तस्रोत'. सूचनेत काय छापणार?

सातपूरकर
आम्ही आधीपासून 'स्त्रोत'च छापतो. सगळे तसंच लिहितात.

अनुस्वार
सगळे लिहितात म्हणून बरोबर होत नाही. मूळ धातू 'स्रु', वाहणे. स्राव, स्रवणे, स्रोत. यात त येतो कुठून?

बागायतदार_दिंडोरी
जिभेतून येतो. 'स्रो' म्हणून दाखवा, त घातल्याशिवाय पुढे सरकत नाही.

अनुस्वार
हा युक्तिवाद मान्य केला तर सहस्र, हिंस्र, अजस्र सगळे गेले.

पेठरोड
थांबा. अजस्त्रमध्ये त नाही?

अनुस्वार
नाही. शस्त्र, वस्त्र, शास्त्र यांत आहे. अजस्रमध्ये नाही.

पेठरोड
हे काही पटत नाही. कोश काढून बसतो, मग बोलू.