हाऊस एज नेमका कशावर मोजतात? रूलेट, स्लॉट, ब्लॅकजॅक

चक्रधर_०
संभाव्यता शाळेपुरती येते, तरी तीन ठिकाणी अडलोय. रूलेटमध्ये लाल-काळ्यावर पैज लावली तर शक्यता निम्मी-निम्मी दिसते, मग कॅसिनोला सुटतं काय? ब्लॅकजॅकचा हाऊस एज (कॅसिनोचा सरासरी कट) अर्धा टक्का आणि स्लॉटचा आठ-दहा असं वाचलं. हा टक्का खिशातल्या एकूण पैशांवरचा की दर पैजेवरचा? आणि हरलं की पैज दुप्पट करायची, कधीतरी जिंकणारच, या पद्धतीत खोट नक्की कुठे आहे? जुगार वाईट हे ठाऊक आहे. उपदेश नको, हिशेब हवा.

पासष्टावी_कला
निम्मी-निम्मी नाहीच. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात: १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्य. लाल येण्याची शक्यता १८/३७, म्हणजे ४८.६५ टक्के.

पण खरी मेख देण्याघेण्यात आहे. एका आकड्यावर लावलं तर ३५:१ मिळतात. आता समजा ३७ही घरांवर एकेक चिप ठेवली. कुठलाही आकडा येवो, हातात येणार ३६ (जिंकलेल्या ३५ आणि त्या घरावरची तुमची १). एक गेली. ३७ मागे १ म्हणजे २.७० टक्के, हाच हाऊस एज. दोन शून्यांच्या चाकावर घरं ३८ होतात, देणं मात्र ३५:१ च राहतं. ३८ मागे २ गेल्या, ५.२६ टक्के. एक घर वाढलं आणि कात्री जवळपास दुप्पट झाली.

त्याच चाकावर ०, ००, १, २, ३ अशी पाच आकड्यांची एकत्र पैज असते. ती ६:१ देते आणि ७.८९ टक्के कापते. तिच्या वाटेला जाऊच नये. उलट काही टेबलांवर शून्य आलं तर लाल-काळा, सम-विषम अशा पैजांची निम्मी रक्कम परत देतात (‘ला पार्ताज’ नियम). एका शून्याच्या चाकावर तो नियम असेल तर या पैजांवरची कात्री १.३५ वर येते.

गुणाकार
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: टक्का दर पैजेवर, खिशावर नाही. म्हणून नुसता टक्का बघून खेळ स्वस्त की महाग ठरवता येत नाही, वेगही धरावा लागतो.

सरासरी ताशी तोटा = पैज × तासातल्या फेऱ्या × हाऊस एज

रूलेटवर १० चिप्सची पैज, तासाला ४० फेऱ्या, २.७ टक्के: साधारण ११ चिप्स. स्लॉटवर १ चिपची पैज, तासाला ६०० स्पिन, ८ टक्के: ४८ चिप्स. पैज एक दशांश, तोटा चौपटीहून जास्त!

‘९२ टक्के परतावा’ वाचून १०० चिप्स घेऊन बसलं तर ९२ घेऊन उठू असं वाटतं. तसं होत नाही, कारण परत आलेले पैसे आपण पुन्हा यंत्रातच टाकतो. १०० चिप्स एकदा पूर्ण फिरल्या की सरासरीने ९२, दुसऱ्यांदा ८४.६, आठव्यांदा ५१. शिवाय रूलेटचा हिशेब चाकावरची घरं मोजून मांडता येतो, स्लॉटचा नाही. पडद्यावर कुठलं चिन्ह किती मिळवून देतं ते लिहिलेलं असतं, किती वेळा येतं ते नाही. आणि ‘बराच वेळ दिलं नाही, आता देईल’ हे साफ खोटं. प्रत्येक स्पिनचा आकडा नव्याने निघतो, यंत्राला मागचं काही आठवत नाही.

चक्रधर_०
मग जिंकून उठणारे दिसतात ते कसे?

पासष्टावी_कला
चढउतारामुळे. लालवर १ चिपप्रमाणे १०० फेऱ्या खेळा. सरासरी तोटा २.७ चिप्स, पण निकाल त्याच्या दोन्ही बाजूंना दहाएक चिप्स सहज सरकतो (प्रमाण विचलन सुमारे १०). त्यामुळे तिघांतला एखादा फायद्यात उठतोच. १०,००० फेऱ्यांनी सरासरी तोटा २७० होतो, विचलन फक्त १००. तिथे फायद्यात असणारे हजारात तीन-चार. तोटा फेऱ्यांच्या पटीत वाढतो, चढउतार वर्गमुळाच्या पटीत. कॅसिनोच्या बाजूने असंख्य फेऱ्या चालू असतात, तुमच्या बाजूने एका संध्याकाळच्या.

दुप्पट करण्याची खोटही यातच आहे. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशा सात पैजा ओळीने हरलात तर १२७ चिप्स गेल्या. आठवी १२८ ची, आणि तोवर टेबलाची कमाल मर्यादा तरी आडवी येते किंवा खिसा तरी संपतो. एका शून्याच्या चाकावर सात वेळा ओळीने हरण्याची शक्यता (१९/३७) चा सातवा घात, म्हणजे ०.९४ टक्के. शंभरातल्या ९९ मालिकांत १ चिप मिळते, एखादीत १२७ जातात. सरासरी काढली तर दर मालिकेमागे ०.२ चिप तोटा. माँटे कार्लोला १८ ऑगस्ट १९१३ रोजी काळा ओळीने २६ वेळा आला. ‘आता लाल येणारच’ म्हणून पैज वाढवत नेणारे तिथे धुतले गेले.

सतरा_वर_थांबा
ब्लॅकजॅकच्या अर्ध्या टक्क्याला अटी आहेत, त्या कुणी सांगत नाही. बरे नियम आणि प्रत्येक हात बेसिक स्ट्रॅटेजीच्या (कुठल्या पत्त्यांवर काय करायचं त्याच्या) तक्त्याप्रमाणे, तरच अर्धा. अंदाजाने खेळलात तर कितीतरी जास्त.

खेळ असा: २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा (कॅसिनोच्या माणसापेक्षा) मोठी बेरीज करायची. कॅसिनोचा वरचष्मा येतो कारण खेळाडू आधी पत्ते घेतो. तुम्ही २१ च्या वर गेलात की पैज तिथेच गेली, मागून डीलर बुडाला तरी परत नाही.

बसण्याआधी टेबलावरचं कापड वाचा. ब्लॅकजॅकला (पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता) ३:२ लिहिलंय की ६:५? १० च्या पैजेवर १५ की १२, एवढाच फरक. पण हा हात साधारण २१ हातांत एकदा येतो, त्यामुळे ६:५ ने हाऊस एज १.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो. अर्ध्याचे जवळपास दोन होतात. ‘इन्शुरन्स’ (डीलरचा उघडा पत्ता एक्का असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल यावरची जोडपैज) कधीच घेऊ नका. तो २:१ देतो, म्हणजे डीलरचा झाकलेला पत्ता दहाच्या किमतीचा असण्याची शक्यता तीनात एक हवी. एका कॅटमध्ये दहा, गुलाम, राणी, राजा मिळून १६, म्हणजे ५२ पैकी ३०.८ टक्केच. सहा कॅटच्या टेबलावर ही पैज ७ टक्क्यांहून जास्त कापते.

तक्त्यातलं आधी एवढं पाठ करा: डीलरचा उघडा पत्ता ७ किंवा वरचा असेल आणि तुमची (एक्क्याशिवायची) बेरीज १२ ते १६ असेल तर पत्ता घ्या. डीलरचा ४, ५, ६ असेल तर त्याच बेरजेवर थांबा. दोन एक्के किंवा दोन अठ्ठे नेहमी फोडा (दोन वेगळे हात करा), दोन दहा कधीच नाही. सोळावर पत्ता घ्यायला हात धजत नाही, आणि नवशिके नेमके तिथेच हरतात.

गुणाकार
तक्ता पाठ करायचा कंटाळा असेल तर बॅकरा, म्हणजे ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ या दोन हातांपैकी कुठला जिंकेल यावर पैज लावायचा पत्त्यांचा खेळ. बँकरवर ५ टक्के कमिशन धरूनही हाऊस एज १.०६, प्लेअरवर १.२४. शेजारची ‘टाय’ (बरोबरी) ही पैज ८:१ देते आणि १४ टक्क्यांहून जास्त खाते.

चक्रधर_०
आणि ब्लॅकजॅकमधलं पत्ते मोजणं (येऊन गेलेले पत्ते लक्षात ठेवून उरलेल्यांचा अंदाज बांधणं)?

सतरा_वर_थांबा
गणित खरं आहे, पण पुन्हा पिसण्याआधी कॅटमधले बरेच पत्ते वाटून झाले तरच उपयोगी. ज्या टेबलावर प्रत्येक हातानंतर पत्ते पिसणाऱ्या यंत्रात परत जातात, तिथे मोजण्यासारखं काही उरतच नाही. आधी तक्ता बिनचूक होऊ द्या.