मित्राला घडीचा चाकू द्यायचाय, कुठला घेऊ?

ट्रेकवाल्या मित्राचा वाढदिवस आहे. दर वीकेंडला सह्याद्रीत असतो, कांदा चिरायला आणि दोरी कापायला बाजारातला कुठलातरी चाकू वापरतो. त्याला वर्षानुवर्षं टिकेल असा चांगला द्यायचाय. ओपिनेल का व्हिक्टोरिनॉक्स, कुठल्या कंपनीचा?

रानवाट:
ओपिनेल नं. ८ घे डोळे झाकून. फ्रान्सच्या साव्हुआतला, ब्रँड १८९० पासूनचा. पातं साडेआठ सेंमी, पातळ, भाजी-फळं कापायला त्यासारखं दुसरं नाही आणि मुठीजवळची रिंग फिरवली की पातं लॉक होतं, बोटावर मिटत नाही. फक्त कार्बन स्टीलचं नको, स्टेनलेसच घे, आपल्या पावसात कार्बनला एका रात्रीत गंज धरतो.

घाटवाला:
स्टेनलेसला अनुमोदन, पण मूठ लाकडाची आहे हे विसरू नका. पावसाळ्यात माझी एवढी फुगली की पातं उघडेचना, घरी येऊन दोन दिवस वाळवली तेव्हा सुटली. मित्र जून-जुलैतही फिरत असेल तर व्हिक्टोरिनॉक्स बरा, कात्री, ओपनर सगळं येतं. ९१ मिमीवाल्यांना (ही मिटलेल्या चाकूची लांबी) लॉक नसतं, लॉक हवं तर १११ मिमीची मॉडेल्स बघ.

रानवाट:
हो, हे खरंय. मी सांध्यात थोडं खोबरेल सोडतो, फरक पडतो.

प्रश्नकर्ता:
पावसात तर तो हमखास असतो! मग १११ मिमीच घेतो, लॉकवाला. चाकू मला पुण्याला विमानाने घेऊन जायचाय, चालेल ना?

घाटवाला:
चेक-इनच्या बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत ठेवलास तर सिक्युरिटीला काढून घेतील.